वळणावरचा शिपाई

हो, मीच बोलतोय. पोलीस ठाण्याच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला, एका हाताचा शिपाई. दचकू नका. जिवंतपणाचा आव मी बराच काळ आणला, पण जिवंत कधीच नव्हतो. मी कापडदुकानातला पुतळा आहे.

माझी उमेदीची वर्षं काचेआड गेली. अंगात सूट, गळ्यात टाय, पायाखाली गालिचा. लग्न ठरलेले तरुण माझ्याकडे बघून छाती फुगवायचे आणि किंमत ऐकून ती हळूच आत घ्यायचे. पुढे मालक थकले, मुलांना धंद्यात रस नव्हता. दुकान बंद झालं आणि मी गोदामात धूळ खात पडलो.

तिथून मला ठाण्याच्या साहेबांनी उचललं. इस्पितळामागच्या रस्त्याला एक वळण आहे. एका बाजूला इस्पितळाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला कारखाना. तिथे बायकांच्या पर्सा ओढल्या जायच्या. शिपाई द्या, म्हणून लोक ठाण्याचे उंबरे झिजवत होते आणि साहेबांकडे माणसं कमी. त्यांनी मला जुनी वर्दी चढवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि वळणावर उभं केलं.

सुरुवातीला माझा दरारा होता, खोटं कशाला बोलू? गाड्या हळू व्हायच्या. एका आजोबांनी मला पत्ता विचारला, उत्तर मिळेना तेव्हा वर्दीचा माज चढलाय म्हणत तणतणत निघून गेले. पण एके दिवशी एक कावळा माझ्या टोपीवर येऊन बसला आणि चांगला ऐसपैस बसला. माझं बिंग फुटलं. मग कुणी मला सायकल टेकवायचं, कुणी माझ्या हाताला पिशवी अडकवून गप्पा मारत बसायचं. उन्हापावसात रंग उडाला. उभं राहून राहून जीव अगदी विटला.

इस्पितळातली एक आया रोज दिवेलागणीला ड्युटी संपवून त्या रस्त्याने जायची. माझ्यापाशी थांबून मोठ्याने विचारायची, आज पण तुमचीच ड्युटी का हो, भाऊ? मला वाटलं, बाईची नजर अधू आहे. पण एकदा तिने पिशवीतून सुईदोरा काढून माझं तुटलेलं बटण लावलं, तेव्हा कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. तिच्या मागून एक मोटारसायकल रेंगाळत यायची. त्या माणसाला लांबून, अंधुक उजेडात मी खरा वाटावा म्हणून ती बोलत राहायची. तो पुढे गेला की तिचा आवाज एकदम खाली यायचा.

तिने ठाण्यात तक्रारही केली होती. त्या वळणावर आमचा शिपाई आहे की, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. हे तिने मलाच सांगितलं, हसत हसत, आणि मग पदराने डोळे पुसले. घरी दीर नोकरी सोड म्हणून मागे लागला होता, आणि घर तर तिच्याच जिवावर चाललेलं. मला फार लाज वाटली. मी तिथे उभा होतो, म्हणूनच तिथे दुसरं कुणी येत नव्हतं.

एका संध्याकाळी तो मोटारसायकलवाला तिच्या आधीच आला. माझ्या गालावर त्याने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. तो हसला आणि त्याने मला लाथ घातली. मी पडलो, हात निखळून बाजूला गेला. तेवढ्यात ती वळणावर आली.

"तुझा भाऊ पडला बघ," तो म्हणाला.

ती आल्या पावली इस्पितळाच्या फाटकाकडे वळली. तो मागे निघाला, पण फाटकातून ड्युटी सुटलेल्या बायकांचा घोळका बाहेर पडत होता. त्यांना बघून त्याने गाडी पिटाळली. बायका परत वळणावर आल्या, मला उचललं आणि तशाच ठाण्यात घेऊन गेल्या.

ठाण्यात निवृत्तीला आलेला एक हवालदार बसला होता. आयाने मला त्याच्या टेबलावर आडवं केलं, हात शेजारी ठेवला.

"तुमच्या शिपायाला ड्युटीवर मारलंय. तक्रार लिहून घ्या."

हवालदार हसला. "अहो ताई, हा पुतळा आहे."

"मग त्या वळणावर शिपाई नाही, असं लिहून द्या."

त्याचं हसू मावळलं. त्याने साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि म्हणाला, "चला, आधी तुम्हाला घरी सोडतो."

तेव्हापासून संध्याकाळी तोच वळणावर उभा असतो. गुडघे धरून कुरकुरतो, पण उभा राहतो. मोटारसायकलवाल्याला त्याने पहिल्याच आठवड्यात पकडून ठाण्यात आणलं. आया एकदा मला भेटायला आली होती. बाहीवरची धूळ झटकून म्हणाली, "भाऊ, आता आराम करा."

पण काल साहेब इथे डोकावले. याचा हात चिकटवून घ्या, हवालदाराला ठाण्यात कामं आहेत, असं कुणाला तरी सांगून गेले. गोंदाची बाटली समोरच्या फळीवर आणून ठेवली आहे.

मी दमलोय, हे खरं. तरी उभं राहायला माझी ना नाही. पण मी तिथे उभा राहिलो की हवालदार परत बोलावला जाईल, आणि ती बाई पुन्हा एका पुतळ्याशी मोठ्याने बोलत राहील. तुमच्यापैकी कुणाचं या ठाण्यात काम निघालं, तर या खोलीत जरा डोकावा. आणि जाताना ती बाटली तेवढी खिशात घालून न्या.