शिवण नसलेले शिपाई

काकांनी पाच महिन्यांत बारा शिपाई रंगवले. म्हणजे महिन्याला दोन पूर्णांक दोन-पंचमांश. घराचा दरवाजा रंगवायचा राहिला, तो या हिशेबात धरलेला नाही.

शिपाई म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे पुतळे, अंगावर जंगलात लपायचे कपडे: हिरवे, खाकी, तपकिरी, काळे डाग. अशा शिपायांच्या प्रदर्शनात तीन वर्षं काका दुसरे, पहिला दंतवैद्य. यंदा नाही तर कधीच नाही, कारण काकांचा हात थरथरायला लागला होता. ही गोष्ट त्यांनी काकूंपासूनही लपवली होती.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले तेव्हा काकूंनी चष्मा लावून एक शिपाई उचलला. काकूंनी गणवेशांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शिलाई केलेली. काकांनी गणवेशांवरची चौदा पुस्तकं चाळली होती. काकूंना विचारलं नव्हतं.

"अहो, हे कपडे शिवलेत की अंगावर सांडलेत?"

"म्हणजे?"

"हा डाग शर्टावरून निघाला, खिशावरून गेला, थेट पँटीत उतरला. कुठे तुटलाच नाही!"

"तेच तर कसब आहे!"

"डोंबलाचं कसब! खिसा वेगळ्या तुकड्याचा असतो. कापडाचे शंभर थर एकदम कापतात. डाग जुळवत बसलं तर मुकादम आपल्यालाच कापेल."

प्रत्येकाला चार खिसे, एकूण अठ्ठेचाळीस. काका रुसले, जेवले आणि मुकाट्याने डाग तोडायला ब्रश घेऊन बसले.

एकतिसाव्या खिशाला हात थरथरला. काकूंनी टाचण्यांची उशी, टाचण्या काढून, त्यांच्या मनगटाखाली सरकवली.

"तुला माहीत होतं?"

"महिनाभर तुमचा चहा कपापेक्षा बशीत जास्त असतो. रंगवा आता. आणि हा बारावा साहेब आहे ना, त्याचे खिसे जुळलेलेच राहू द्या."

"आत्ताच तर तोडा म्हणालीस!"

"ते शिपायांचे. साहेबाचा गणवेश मापाने शिवतात. खिसा जुळला नाही तर साहेब परत पाठवतो. शिपाई कुठे पाठवणार?"

प्रदर्शनाचे परीक्षक लष्करी कपड्यांच्या कोठारातून निवृत्त झालेले. भिंग घेऊन अकरा शिपाई त्यांनी मान डोलावत तपासले. बाराव्यापाशी थांबले.

"इथे चुकलात. याचेच खिसे जुळलेत."

दंतवैद्याचे सगळे दात दिसले. काकांनी घसा खाकरला. "चुकलो नाही. तो साहेब आहे. न जुळलेला खिसा तो परत पाठवतो."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

काकांनी क्षणभर चौदाही पुस्तकं आठवून पाहिली. मग म्हणाले, "पुस्तकात नाही. हिने सांगितलं. गणवेश शिवायची ती."

परीक्षक हसत सुटले. "परत आलेले ते शर्ट मीच मोजून घ्यायचो हो!"

काका पहिले आले. टाळ्या ओसरेपर्यंत दंतवैद्य काकूंच्या शेजारी जाऊन बसला होता.

"वहिनी, माझ्या शिपायांचे खिसे जरा बघाल?"

"आणा की घरी," काकू म्हणाल्या.

काकांचा निर्भेळ आनंद सात मिनिटं टिकला.