याडीसाठी बुटकी झालेली गाडी

मित्रांनो, कुरुंद्याकडून आमच्या बंजारा तांड्याला वळलात की बाभळीखाली विटांवर टेकवलेली एक जुनी पिकअप दिसते ना, ती मी. लेकरं माझ्या स्टिअरिंगवर बसून तोंडानं हॉर्न वाजवतात. कोंबड्या हौद्यात अंडी घालतात. घालोत बिचाऱ्या, माझी कशालाच ना नाही. फक्त शेजारी गवतात पडलेली माझी ती मोठी, रुंद चाकं बघून कुणी म्हणालं, "वा! काय हिरो गाडी असंल ही!" की माझा पत्रा आतून थरथरतो.

मी अशी नव्हते हो. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली गुलाबसिंगनं मला आणलं तेव्हा मी चांगली उंचपुरी होते. माझ्या पोटाखाली जाडजूड पाटे होते. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. ओझं पडलं की त्या दबायच्या, खड्डा आला की सगळा मार त्याच खायच्या. माणसाला जसा कणा, तसे मला पाटे. चाकं साधीच होती, पण कामाला इमानदार.

तांड्यावर आलेली मी पहिलीच मोटार. तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकानं नारळ फोडला, बायांनी ओवाळलं. गुलाबसिंगची आई जनकाबाई आरशांचा घागरा सावरत पुढं आली आणि माझ्या बॉनेटवर तिनं हात फिरवला. कोपरापर्यंत बांगड्या, हात खरखरीत, पण किती मऊ लागला तो मला! म्हणाली, "आमच्या आज्याचे बैल मीठ वाहायचे, गावोगाव. ते बैल गेले. आता तू आली बाई." तांड्यावर आईला याडी म्हणतात. त्या दिवसापासून ती माझीही याडी झाली.

मग काय, कामाला तोटा नव्हता. हळदीची पोती वसमतला न्यायची, आठवडी बाजाराला जवळा बाजार गाव गाठायचं, लग्नसराईत तर इंजिन थंड व्हायला फुरसत नसायची. आणि एक सांगते, तांड्यावरचं माणूस एकटं कुठं जात नाही. एकाला ताप आला तर दवाखान्यात दहा जण सोबत. डॉक्टर ओरडायचे, नर्सा वैतागायच्या, पण आमची माणसं ऐकतील तर शपथ! आजारी माणसाला एकटं सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच.

याडीचे गुडघे दुखायचे. माझा हौदा उंच, तिला चढता यायचं नाही. मग दोघं वरून हात धरायचे, दोघी खालून रेटायच्या आणि सगळे ओरडायचे, "हां याडी, हां!" याडी हसून हसून बेजार. "अरे मेल्यांनो, हळू! मी काय हळदीचं पोतं हाय का?" वर आली की घागरा पसरून ऐसपैस बसायची, डोळे पुसायची आणि मोठ्यानं विचारायची, "समदे आले का?" मागून सगळ्यांनी "आले याडी" म्हटल्याशिवाय गुलाबसिंग माझी किल्ली फिरवायचा नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं. माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ कोणता म्हणाल, तर तोच.

पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. हट्टा गावी एका लग्नाला आम्ही गेलो होतो. परतताना याडीला सगळे नेहमीसारखं वर ओढत होते, तेवढ्यात मांडवातलं कुणीतरी खिदळलं, "ते पाहा रे, म्हातारीला पोत्यावानी भरून राहिले!" याडीनं ऐकलं आणि तीही हसली. गुलाबसिंग मात्र हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरापर्यंत त्यानं माझे गिअर असे काही टाकले की जणू मीच हसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला वसमतला सोनाजी मिस्त्रीकडं नेलं.

"मिस्त्री, गाडी खाली घ्या. माझ्या याडीला तिचं तिला चढता आलं पाहिजे."

"काहून? बरी तर हाय."

"लोकं हासून राहिले. माझी माय हाय ती, पोतं न्हाई."

सोनाजीनं डोकं खाजवलं. "पाटे काढले का बसती गाडी खाली. पण मंग वजन झेपायचं न्हाई तिला. बराबर समजून घे."

"वजनाचं पाहू मंग," गुलाबसिंग म्हणाला.

आणि माझे निम्मे पाटे निघाले. मला दुखलं का? दुखलं. पण आईसाठी लेक काही करत असेल तर आपण कशाला कुरकुर करा, असं म्हणून मी सोसलं. तांड्यावर आले ती चांगली वीतभर बुटकी होऊन. गुलाबसिंगनं याडीला बोलावलं, "चढ याडी, तुझी तू चढ!" याडीनं सवयीनं हात वर केला. धरायला कुणी नव्हतं, कारण गरजच नव्हती. क्षणभर हात तसाच राहिला, मग तिनं तो खाली घेतला, मागच्या फाळक्याला धरलं आणि चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा तो हात मी पाहिला, दुसऱ्या कुणी पाहिला नाही.

आता आमच्या वाटेत एक ओढा आहे. डांबरी सडकेला लागायचं तर तो ओलांडावाच लागतो आणि त्याच्या तळाशी नुसते धोंडे. बुटकी झाल्यावर माझं पोट त्या धोंड्यांवर घासायला लागलं. सायलेन्सर फुटला. गुलाबसिंग पुन्हा सोनाजीकडं. हिंगोलीत एका जीपला त्यानं मोठी चाकं पाहिली होती, तसलीच त्याला हवी होती. म्हणे चाकं मोठी घातली की पोट धोंड्यांपासून जरा वर राहील. राहिलं की, जरासं. पण वरून मी बसलेली आणि खालून चाकं वाढलेली! चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा उरली. सोनाजीनं हातोड्यानं पत्रा ठोकून ठोकून मागं सारला, तरी काही फार फरक पडला नाही.

दिसायला मात्र मी झकास दिसायचे. तांड्यावरची पोरं भोवती गोळा व्हायची. कौतुक झालं, फोटो निघाले. आणि पहिल्यांदा हळदीची पोती भरली, तेव्हा मी अशी दबले की टायर मडगार्डला घासून धूर निघाला. हळदीची भाडी दुसऱ्यांकडं गेली. माणसंही भरता येईनात. गुलाबसिंग म्हणायचा, "याडी आन् निता बसा, बाकीचे भाड्याच्या जीपनं या." निता म्हणजे त्याची बायको. याडी म्हणायची, "मंग मी बी जीपनंच येते."

"अगं, तुझ्यासाठीच केली ना गाडी अशी!"

मग बिचारी मुकाट्यानं चढायची. हौद्यात सासू-सून दोघीच, एवढ्या रिकाम्या जागेत. "समदे आले का?" असं तिनं विचारणंच सोडलं. कुणाला विचारणार? मित्रांनो, गुलाबसिंगला मी दोष देत नाही. त्याचा जीव होता आईवर. पण तुला असं ओढलेलं आवडत नाही ना, एवढं एक तिला विचारायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दोन हजार सहा सालच्या श्रावणात, भर दुपारी, याडीच्या छातीत कळ आली. तिला गोधडीवर निजवून माझ्या हौद्यात ठेवलं. अख्खा तांडा धावत आला आणि जो तो चढला. वळणावर मी दबले, टायर घासला, जळक्या रबराचा वास सुटला. गुलाबसिंग ओरडला, "उतरा! उतरा समदे! फकस्त निता थांब!" कुरकुरत, रडत माणसं उतरली आणि मागून चालू लागली.

ओढ्यात माझं पोट धोंड्यावर बसलं ते बसलंच. निता पण रेटायला खाली उतरली. मागून चालत आलेल्या सगळ्यांनी मिळून रेटलं, "हां, हां!" म्हणत. मी हिसका देऊन सुटले. पुढं सगळा काळा चिखल. थांबले असते तर पुन्हा रुतले असते, म्हणून गुलाबसिंगनं मला जे दामटलं ते थेट सडकेपर्यंत. त्याला वाटलं, निता मागं चढली असंल.

हौद्यात याडी एकटी होती. तिनं डोळे उघडले. हात वर केला, इकडं तिकडं चाचपला, जसा ती चढताना करायची. आणि म्हणाली, "समदे आले का रे?"

चाकांच्या घरघरीत पुढं बसलेल्या गुलाबसिंगला ऐकू गेलं नाही. तिनं परत विचारलं, जीव एकवटून. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय मी जागची हलले नव्हते. मला थांबायचं होतं हो! पण गाडीच्या जातीला आपल्या मनानं थांबता येत नाही.

सडकेवर गुलाबसिंग उतरून मागं आला. याडीचा हात फाळक्यावर होता. "याडी," त्यानं हाक मारली. मग आणखी एकदा मारली. मग त्याला मागं कुणीच नाही हे दिसलं आणि तो माझ्या त्या मोठ्या चाकाला टेकून खाली बसला. पळून पळून धापा टाकत माणसं आली. कुणी वजनाचा विचार केला नाही, सगळे चढले आणि तिच्याभोवती बसले. मला किती दबायला झालं म्हणून सांगू! पण त्या दिवशी मला ते ओझं हवं होतं.

तेराव्यानंतर गुलाबसिंगनं स्वतःच्या हातानं माझी चाकं काढली आणि मला इथं टेकवलं. जुने पाटे घरात गोणपाटात गुंडाळलेले आहेत. तो ते बसवतही नाही, विकतही नाही. कधी संध्याकाळी हौद्यात येऊन बसतो. निता चहा आणते. परवा त्यानं तिला विचारलं, "याडीला आवडलं असंल ना गं, तिची ती चढू लागली ते?"

निता त्याचा कप उचलायला वाकली. "आवडलंच असंल की," म्हणाली आणि कप घेऊन घरात गेली.

मित्रांनो, गाडीला हौसेपायी तोडू-जोडू नका, तिला तिच्या कामाची राहू द्या, हे तर मी सांगणारच. पण ज्या माणसासाठी काही करायला निघालात, त्याच्याजवळ आधी घडीभर बसा आणि त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. आणि घरातून निघताना एकदा मागं वळून मोठ्यानं म्हणा, "समदे आले का?" उत्तर आल्याशिवाय किल्ली फिरवू नका.