काळी तार, पांढरी रेघ

मेस्त्रीला फोनवर गाड्या दुरुस्त करायची खोड होती. खोड कसली, मिजासच म्हणा. पलीकडचा माणूस घाबराघुबरा होऊन सांगतोय की इंजिन खोकतंय, धूर ओकतंय. आणि हा इकडे फोन खांद्यात दाबून, हातातला नट आवळत, अर्धंमुर्धं ऐकून निकाल देऊन मोकळा. “फिल्टर झटक. होईल.” दहातल्या आठ वेळा व्हायचंही. लोक कौतुक करायचे, म्हणायचे मेस्त्री न बघता ऑपरेशन करतो, आणि हा गडी आणखी फुगायचा. उरलेल्या दोन वेळांना काय होत होतं, ते विचारायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मात्र त्यानं फोनवर निकाल दिला नाही. ती म्हणाली, “दादा, ती गाडी बघून जा. उद्या कोणीतरी घ्यायला येतंय. एकदाची जाऊ दे दारातून.” त्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि निघाला.

गाडी म्हणजे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली एटीव्ही. घरात तिला सगळे रेडा म्हणत. उतारावरच्या कुरणात मेंढ्या हाकायला मेहुण्यानं ती जुनीच घेतली होती. दोन महिन्यांपूर्वी त्याच उतारावर रेडा कलंडला आणि मेहुणा खाली सापडला. अ‍ॅक्सिलरेटर अडकलेला, इंजिन बोंबलतंय, मागचं चाक गरगरतंय. धाकटी सगळ्यांत आधी पोचली. तिनं चावी फिरवली, पण इंजिन थांबलं नाही. शेजाऱ्यानं येऊन स्पार्क प्लगची टोपी उपटली तेव्हा कुठे ते गप झालं. तोवर मेहुण्याचंही सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून त्या घरात एकच वाक्य नांदत होतं. सासूबाई ते भाजी निवडताना म्हणत, कपडे वाळत घालताना म्हणत, भिंतीकडे बघत म्हणत. साधी चावी फिरवता आली नाही हिला. बाई दुष्ट नव्हती हो, पण लेक गेला होता, आणि कोणाला तरी धरल्याशिवाय तिला दिवस ढकलता येत नव्हता. आणि धाकटी? ती उलटून एक शब्द बोलत नव्हती, कारण तिला स्वतःला तेच वाटत होतं. शेडचं दार उघडून देताना तिनं भावाला विचारलं, “दादा, चावी डावीकडे फिरवली की बंद होते ना?”

“हो.”

“मी बहुतेक उजवीकडे फिरवली. मला आठवतच नाही बघ. रात्रंदिवस हाताने फिरवून बघते. कधी वाटतं डावीकडे, कधी उजवीकडे.” बोलताना तिचा हात हवेत वळत होता. दोन महिन्यांत ती निम्मी झाली होती.

ती चहा ठेवायला आत गेली. रेड्याला तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता. चाकांत सुकलेला चिखल तसाच होता. मेस्त्रीनं प्लगची टोपी बसवली, पेट्रोल ओतलं, अ‍ॅक्सिलरेटरची अडकलेली केबल मोकळी केली. चौथ्या किकला इंजिन पेटलं. दोन मिनिटं चालू दिलं आणि त्यानं चावी डावीकडे फिरवली.

इंजिन चालूच.

पुन्हा फिरवली. हँडलवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं. रेडा आपला डुरकतोय. मेस्त्रीनं शेवटी जाड हातमोजा चढवून प्लगची टोपी ओढली आणि मग कुठे शेडमध्ये शांतता झाली. अरे, म्हणजे पोरीची चूक नव्हतीच! डावीकडे फिरव नाहीतर उजवीकडे, ही बंदच होणार नव्हती!

आता दोष कुठे आहे तेवढं शोधायचं होतं. त्यानं टेस्टरचा दिवा लावून चावीचा स्विच तपासला. ठणठणीत. लाल बटण तपासलं, तेही ठीक. म्हणजे राहिली तार. बाकी वस्तूंचं कसं असतं, तार तुटली की वस्तू बंद पडते. ह्या इंजिनाचं सगळं उफराटं. ते बंद करायलाच एक तार लागते, काळी, पांढऱ्या रेघेची. चावी बंद केली की ती तार गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते आणि ठिणगी मरते. तीच सुटली असेल तर चावी काढून खिशात घाला आणि घरी जा, इंजिन आपलं चालूच.

तो हँडलखाली हात घालून तार चाचपत गेला. मधला जोड सुटा होता. तुटलेला नव्हता, गंजलेला नव्हता. कोणीतरी तो नीट सोडवून दोन्ही टोकांना पिवळी टेप गुंडाळली होती.

ती टेप बघितली आणि मेस्त्रीला तो फोन आठवला.

आठ महिने झाले असतील. गॅरेजमध्ये तीन गाड्या उघड्या पडलेल्या, आणि मेहुण्याचा फोन. “दादा, रेडा चढावर धक्का बसला की आपोआप बंद पडतो.” हा म्हणाला, “बटणात पाणी गेलं असणार. हँडलखाली काळी तार आहे, पांढऱ्या रेघेची. तिचा जोड सोडव, टेप मार. बंद पडली तर माझं नाव बदल.” मेहुणा हसला होता. “तुम्ही कधी येताय?” “येतो की. आलो की पक्कं करून देतो.”

आलो की. मेहुणा जाईपर्यंतच्या सहा महिन्यांत ह्या महाराजांना वेळ मिळाला नाही.

मेस्त्री खाली मातीत बसला. ती दोन टोकं त्याच्या बोटांत होती. ती एकमेकांत सारायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मग चावी फिरवली की इंजिन बंद. उद्याचं गिऱ्हाईक खूश, आणि ह्याच्यावर बालंट नाही. फक्त धाकटी जन्मभर हवेत हात फिरवत बसेल. दुसरीकडे बघावं तर माहेर म्हणून तिला हाच एक उरलेला. आईबाप गेले, बाकी कोणी नाही. खरं सांगितलं तर तिला भाऊही राहणार नाही, आणि ह्याला बहीण. त्यानं टोकं एकदा जवळ नेली. लाज वाटली पाहिजे, असं तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला आणि हात मागे घेतला.

धाकटी चहा घेऊन आली. त्यानं कप बाजूला ठेवायला लावला, प्लगची टोपी बसवून इंजिन पेटवलं आणि ओरडला, “चावी फिरव! डावीकडे!”

ती मागे सरकली. त्यानं तिचा हात धरून चावीवर ठेवला. तिनं डोळे मिटून फिरवली. इंजिन चालूच. तिनं डोळे उघडले, पुन्हा फिरवली, मग वेड्यासारखी इकडून तिकडे फिरवत राहिली.

“बंदच होत नाही ही,” तो तिच्या कानाशी ओरडला. “तार सुटी आहे. त्या दिवशीही होती. तू काहीही केलं असतंस तरी झाली नसती!”

ती मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. “म्हणजे मी नाही... दादा, म्हणजे मी नाही ना?” मेस्त्री मान हलवत राहिला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ प्रश्न विचारला. “पण मग हे रोज कशी बंद करायचे?”

“ही बघ, टाकीखाली बारकी चकती आहे. पेट्रोल तोडायचं.” त्यानं वाकून ती फिरवली. “हा नळ. नळ बंद केला की अर्ध्या मिनिटात गप होते.”

इंजिननं दोन गचके दिले आणि ते थांबलं. शेडमध्ये आवाज म्हणून उरला नाही. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नळ?”

“कॉक म्हणतात सगळे. मी नळ म्हणतो.”

“हे नळ नळ ओरडत होते, दादा. दुसरं काहीच बोलत नव्हते. नळ, नळ. मला वाटलं, पाणी मागतायत. मी नळावर धावले. तांब्या भरून आणला.”

मेस्त्रीला वाटलं, जमीन फाटावी. मेहुणा तारा, कॉक, प्लग यातलं काही जाणत नव्हता. त्याला हा शब्द ह्यानंच शिकवला होता, त्याच फोनवर.

“तार मीच काढायला सांगितली त्याला,” तो म्हणाला. “नळही मीच सांगितला. येतो म्हणालो आणि आलो नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मारेल, ओरडेल, निघून जा म्हणेल, त्याची सगळ्याची तयारी होती. चहावर साय धरली.

“आईंना तारेचं सांग,” ती शेवटी म्हणाली. “तू सांगितलं होतंस, तेही सांग. ते मी तुझ्यासाठी लपवणार नाही.”

“सांगतो.”

“नळाचं सांगू नकोस. त्या रोज रात्री एवढ्यावरच झोपतात, की लेकानं पाणी मागितलं आणि ते त्याला मिळालं.”

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मेस्त्री त्यांच्यासमोर उभा राहिला आणि तारेचं सगळं सांगितलं, फोनसकट, न आलेल्या सहा महिन्यांसकट. म्हातारी ऐकत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त सुनेला हाक मारून जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मेस्त्रीकडे न बघताच म्हणाली, “पाणी तरी प्यायला हो तो जाताना. एवढं तरी झालं.”

धाकटीनं मान खाली घातली होती.

“हो, मावशी,” मेस्त्री म्हणाला. “एवढं तरी झालं.”