मुख्य शाखेत घेऊ नये

जेवून परत आल्यावर ऋतानं कीबोर्डला हात लावला आणि बोटं चिकटली. अनुराग तिच्या खुर्चीवर बसून गेला होता. तो जिथं बसे तिथं समोशाचं तेल आणि गुटख्याचा वास मागं ठेवून जाई. तिनं ओल्या फडक्यानं बटणं पुसली आणि मग स्क्रीनकडं पाहिलं.

अनुराग तिचा मामेभाऊ. बालाघाटात वारासिवनी रस्त्यावर, एका राइस मिलच्या धरमकाट्याला लागून त्याचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. धरमकाटा म्हणजे अख्खा ट्रॅक्टर चढवून वजन करायचा काटा. ते वजन कॉम्प्युटरवर उमटे, आणि तो प्रोग्राम नागपूरची एक कंपनी पुरवत असे. गोंदिया, भंडारा, सगळीकडं तोच. २००९च्या धानाच्या हंगामात त्यातल्या दुरुस्त्यांचं काम ऋताकडं होतं. ती आपल्या कॉम्प्युटरवर वेगळी शाखा, म्हणजे प्रोग्रामची स्वतंत्र प्रत, काढून तिच्यात बदल करी. शाखा पुश केली की बदल इंटरनेटवरून नागपूरच्या सर्व्हरवर जात. तिथं कंपनीच्या श्रद्धा मॅडम ते तपासून मुख्य शाखेत घेत, आणि मुख्य शाखेतलं मग सगळ्या काट्यांवर पोचे. पुश करेपर्यंत मात्र ते या टेबलापलीकडं कुणालाच दिसत नसे.

आज तिच्या शाखेत एक बदल होता, जो तिनं केला नव्हता. ‘छोटी दुरुस्ती’, एवढंच लिहिलेलं. करणारीचं नाव ऋता.

तिनं तो उघडला. मोजक्या ओळी होत्या. नोंद ‘शेतकऱ्याकडून खरेदी’ अशी असली तर वजन थोडं कमी दाखवायचं. मिलचे स्वतःचे ट्रक असले तर पूर्ण दाखवायचं. नोंदच नसली तरी पूर्ण. म्हणजे तपासणीवाला आपली वजनं ठेवून बघेल तेव्हा काटा खरा, आणि माणूस धान घेऊन आला की खोटा.

तेवढ्यात अनुराग आत आला. “पाह्यलं का? पुश करून दे बरं. पासवर्ड तुह्याच जवळ आहे.”

“माह्या नावानं काहून लिहिलं, दादा?”

“मशीनवर नावच तुहं आहे. त्यात काय एवढं?” तो टेबलाच्या कडेवर बसला. “मिलच्या शेठले पेन ड्राइव्हनं इथं चालू करून दिलं मी. दिवाळीपासून मस्त चालून राह्यलं. पण अपडेट आला की माहं पुसून जाते. वरूनच आलं म्हणजे कटकट नाही. मॅडम छोटी दुरुस्ती काही पाहत बसत नाही.”

“दिवाळीपासून?”

“हौ.” तो हसला आणि वाकून तिच्या टेबलाखालच्या कचरापेटीत थुंकला. “असं तोंड काहून करतं? सगळेच करतात, यार.”

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. अनुराग उठून गेला. ऋताला त्या खोलीत बसवेना. ती दारात येऊन उभी राहिली.

काट्यावर धानाच्या कट्ट्यांनी, म्हणजे पोत्यांनी, भरलेली ट्रॉली चढली होती. शेतकरी परसवाड्याकडचा होता. फकिरा नाव, हे मिलच्या मुनीमानं नोंद करताना मोठ्यानं विचारलं म्हणून तिला कळलं. फकिरा लाल आकड्यांकडं मान वर करून पाहत होता.

“साहेब, घरून तोलून आनलं होतं. इतकं कमी कसं भरून राह्यलं?”

“रस्त्यात सांडलं असन,” अनुराग म्हणाला. “कट्टा फाटला असन एखादा. पाहू बरं.”

फकिरा घाईघाईनं ट्रॉलीवर चढला. एकेक कट्टा चाचपू लागला, शिवणी ओढून बघू लागला. आणि अनुराग, ज्यानं ते वजन स्वतःच्या हातानं कापलं होतं, तो खाली वाकून त्याच्याबरोबर भोक शोधू लागला. ट्रॉलीच्या फटीत त्यानं बोट घातलं, चार दाणे काढले आणि तळहातावर धरून दाखवले. “हे पाह्य. सांडलंच आहे.”

“हौ जी,” फकिरा ओशाळून म्हणाला. “पोराले म्हटलं होतं, नीट शिव म्हनून.”

ऋता सरळ ट्रॉलीपाशी गेली.

“काका, कट्टा फाटला नाही. काटा खोटा आहे. उतरवू नका इथं.”

अनुरागचा तळहात तसाच पुढं राहिला. मुनीम नोंदवहीत डोकं घालून बसला. फकिरानं आधी तिच्याकडं, मग अनुरागकडं पाहिलं.

“मंग कुठं नेऊ, बाई? ट्रॅक्टर भाड्याचा आहे. संध्याकाळी त्याले वापस द्या लागते.”

फकिरा वळला आणि कट्टे उतरवू लागला.

ऋता आत गेली आणि कडी लावून घेतली. अनुराग दार ठोकत होता. “ऋता, पागल झाली का? शाखा मिटवून टाक चुपचाप. नको करू पुश.”

ती मिटवणारच होती. पण मिटवली असती तर ती फक्त तिच्या टेबलावरून गेली असती, आणि शेठच्या काट्यावर पेन ड्राइव्हनं घातलेलं तसंच राहिलं असतं. तिनं त्या बदलावरचं आपलं नाव काढून अनुरागचं घातलं. ‘छोटी दुरुस्ती’ पुसून लिहिलं, ‘शेतकऱ्याच्या धानाचं वजन कमी दाखवणारा बदल. बालाघाटच्या काट्यावर दिवाळीपासून चालू आहे. मुख्य शाखेत घेऊ नये.’ मग तिनं शाखा पुश केली. लाइन नेहमीसारखीच संथ होती. शाखा गेली एकदाची.

अंधार पडायच्या आत श्रद्धा मॅडमचा फोन आला. ऋतानं सगळं सांगायला सुरुवात केली.

“ते वाचलं मी,” मॅडमनी तिला मधेच तोडलं. “पण हे सर्व्हरवर कशाला टाकलंस? सगळ्या जिल्ह्यांची पोरं बघतात तिथं. असली कामं पेन ड्राइव्हनंच होतात. अपडेटनं पुसलं तर परत टाकायचं. गोंदियात तसंच करतात. तुझी शाखा मी काढून टाकली आहे. पुन्हा असं करू नकोस.”

आवाजात राग नव्हता. चहात साखर जास्त झाल्याचं सांगावं तशा त्या बोलत होत्या. आजवर ज्या बाईच्या ‘शाबास’वर आपण खूश होत आलो ती ही, हे कळून ऋताला स्वतःच्या त्या खुशीचीही शिसारी आली. तिनं फोन ठेवला, पर्स उचलली आणि त्या ऑफिसात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

सर्व्हरवरून शाखा गेली, पण गोंदियाच्या वीरेंद्रनं ती आधीच आपल्याकडं उतरवून घेतली होती. वीरेंद्र तिथल्या काट्यांचं काम बघायचा. त्यानं आपल्या काट्यावरचा प्रोग्राम तिच्याशी जुळवून पाहिला, तर त्याच ओळी. छापील प्रत घेऊन तो तपासणीवाल्यांकडं गेला. गोंदियाच्या काट्याला सील लागलं. बालाघाटच्या शेठनं मात्र त्याआधीच जुना प्रोग्राम बसवून घेतला होता. इथं तपासणी झाली तेव्हा काटा अगदी खरा निघाला.

पुढच्या रविवारी अनुराग घरी आला, पेढ्यांचा डबा घेऊन. अलकनंदाबाईंनी, म्हणजे ऋताच्या आईनं, भाच्याला बसवलं, पोहे दिले.

“आत्या, समजाव हिले,” तो बशीतून मान वर न करता म्हणाला. “घरातल्या माणसाचं नाव कोणी असं लिहिते का? मी कधी काही म्हटलं का हिले? उद्यापासून ये म्हणा.”

“दादा मोठा आहे, ऋता,” आई म्हणाली. “माफी माग आणि जा.”

“आई, यानं त्या माणसासोबत वाकून भोक शोधलं,” ऋता म्हणाली.

“कशाचं भोक?”

अनुराग हसला. “सोड न आत्या, कामातली गोष्ट आहे.” त्यानं बशी पुढं केली. “पोहे मस्त झाले. अजून दे बरं थोडे.”

आईनं वाढले. तो चाटूनपुसून खाऊ लागला. ऋतानं आपली भरलेली बशी उचलली, अंगणात नेली आणि गायीच्या टोपल्यात उपडी केली. मग ती तिथंच नळाखाली बराच वेळ हात धूत राहिली.