पंधरावा काटा

संग्रहालयाच्या मत्स्यविभागात तिला सगळे चिमटी म्हणत. बोटाएवढ्या सिक्लिड माशांचे काटे आणि खवले मोजायला तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. सर तेव्हा त्यांतल्या एका गटातल्या जाती ठरवत होते. चिमटीनं मोजायचं, सरांनी डोळे झाकून लिहायचं, अशी चौदा वर्षं गेली.

एकदा एका ओढ्यातून एकच मासा आला. त्याचा पाठीचा पर सुईनं उलगडताना शेवटचा काटा मुळाशी कट्‌कन मोडला. तिनं तो तुकडा रुमालात टिपला आणि वहीत लिहिलं, चौदा. त्या गटातल्या बाकी सगळ्या माशांना पंधरा असत.

वही बघून सर खुर्चीतून उठलेच. चौदा काट्यांची नवी जात! तिला त्यांनी चिमटीचंच नाव दिलं. आता मासा खायचा तर बायकोची परवानगी काढावी लागणार, असं घरी नवऱ्यानं चिडवलं. तीही हसली. सर इतके खुशीत होते की तिची जीभ रेटेना. नंतर तर तोंडच उरलं नाही.

तो मासा पुन्हा कुणाला सापडला नाही. ‘काय, चिमटी गावली का?’ म्हणून लोक सरांना भर सभेत टोमणे मारत. सरांनी तीन सुट्ट्या त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून घालवल्या. दर वेळी मासे ठेवायच्या बाटल्यांत स्पिरिट तीच भरून देई.

सर जाऊन आता बारा वर्षं झाली. परवा त्याच विभागातली नवी संशोधक मुलगी चिमटीच्या घरी आली. येताच पाया पडली. तिनं त्या माशाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. पंधराव्या काट्याचं मूळ होतं, काटा नव्हता.

“आजी, ही जात आता रद्द होणार. सरांची मोजणी चुकली, असं लिहिलंय मी. तुमचं नाव जातंय, म्हणून आधी सांगायला आले.”

“सरांनी मोजलेच नव्हते. मी मोजले. पंधरा होते.”

मग जाळ्यातच मोडला असेल, तसं लिहू का, असं मुलीनं हळूच विचारलं.

“नको. माझ्या सुईनं मोडला आणि मी लपवला. तसंच लिही.”

मुलीनं मान वर न करता लिहून घेतलं. एक्स-रे पाकिटात घातला, पाया न पडताच चप्पल चढवली.

“येते मॅडम,” म्हणाली.