महाराणीची सुट्टी

“‘अगं बाई’ कुणी लिहिलं?” साहेबांनी दारातूनच विचारलं.

पडद्यामागच्या खोलीत टाइप करत बसलेल्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. साहेब मोबाइल नाचवत आत आले. “एक आजी फोनवर सांगतायत, मी पडले. त्यावर आपलं मशीन काय म्हणतंय? ‘अगं बाई, पडलात कशा?’ मशीन असं बोलतं का कधी?”

“माझ्या हातून गेलं,” ती म्हणाली. “रडत होत्या हो त्या.”

“रडू देत. आपण माणूस आहोत हे इथे विसरायचं. तेवढं एकच तर काम आहे तुम्हाला.”

कंपनी बऱ्याच हॉस्पिटलांचे फोन घ्यायची. पूर्वी फोन बायका घ्यायच्या, तीही घ्यायची, स्वतःच्या आवाजात. मग मशीन आलं. न थकणारं, न चिडणारं, सगळं समजणारं, अशी त्याची जाहिरात रस्त्यारस्त्यावर लागली. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! बातम्या वाचल्यासारखं स्वच्छ बोललं, तर मशीनला बरंच कळायचं. पण पोटात कळा येत असताना बातम्या कोण वाचतं? एखादे आजोबा “थांब हं, चष्मा शोधतो” म्हणाले, की मशीन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ देऊन मोकळं. म्हणून मशीन अडलं, की फोन गुपचूप पडद्यामागच्या खोलीत यायचा. बोलणाऱ्याचा आवाज बायकांच्या कानात पडायचा, त्या उत्तर टाइप करायच्या, आणि ते मशीनच्या गोड आवाजात पलीकडे जायचं. मशीन दिवसातून कितीदा अडायचं, ते पडद्याबाहेर कुणाला कळत नव्हतं.

बायकांनी मशीनचं नाव महाराणी ठेवलं होतं. एसी महाराणीच्या खोलीत, पाहुणे महाराणीला बघायला, कौतुक महाराणीचं. मशीन आल्यावर अर्ध्या बायका घरी गेल्या. ज्या राहिल्या, त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, की आतलं काम बाहेर सांगायचं नाही, अगदी घरीसुद्धा नाही. ती घरी सांगायची, मशीनवर देखरेख करते. शेजारीण म्हणायची, “मजा आहे बाई, बसून पगार!”

‘अगं बाई’चं प्रकरण वर मालकांपर्यंत गेलं. आता बोलणी बसणार म्हणून ती धास्तावून होती. पण मालकांनी ते रेकॉर्डिंग पाहुण्यांना ऐकवलं, आणि टाळ्या पडल्या. बघा, किती माणसासारखी बोलते! दुसऱ्या दिवशी साहेब खोलीत येऊन म्हणाले, “ते ‘हं’ वगैरे घालत चला. पण बेताने.” शाबासकी महाराणीलाच मिळाली.

साहेब जरा खुशीत दिसले तशी ती उठून त्यांच्यामागे गेली. “साहेब, पुढच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी हवी होती. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

“नेमकं त्याच दिवशी पाहुणे यायचेत मशीन बघायला. एकही खुर्ची रिकामी चालायची नाही.”

“मशीन आहे ना, साहेब?”

तिच्या तोंडून निघून गेलं. मागे तिच्या शेजारच्या खुर्चीवरची चष्मेवाली फिस्सकन हसली. साहेबही हसले, वयाने लहानच होते तिच्यापेक्षा. मग आवाज उतरवून म्हणाले, “मला तरी कोण देतं सुट्टी? पण तुम्हाला म्हणून सांगतो, ताई, त्या दिवशी आला नाहीत तर पुन्हा येऊ नका. बाहेरच्या लोकांच्या लेखी तुम्ही इथे नाहीच आहात. जे नाहीच, ते गेलं तर कुणाला कळतंय?”

तिने दुसरीकडे खेटे घालून पाहिले नव्हते असं नाही. जिथे जाईल तिथे एकच उत्तर मिळायचं, फोनचं काम आता मशीन करतं हो, माणसं कोण घेतंय? आपणच टाइप केलेल्या शब्दांनी आपल्या वाटा बंद केल्या, हे तिला दिसत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी तिला वाटायचं, आतलं बाहेर दिसू नये म्हणून खोलीच्या खिडकीला लावलेला काळा कागद टराटरा फाडून काढावा. पण ती खुर्ची पुढे ओढून पुढचा फोन घ्यायची.

घरी वडील आणि ती, दोघंच. अण्णा जन्मभर लिफ्टमन होते. बटणांची लिफ्ट आली, तरी त्यांना स्टुलावर बसवून ठेवलं होतं. “लोक आपापलं बटण दाबायचे, मी नुसता खाली-वर,” ते सांगायचे. “पण आल्यागेल्याला दिसायचो तरी. ‘काय अण्णा, बरं आहे ना?’ म्हणायचे लोक.”

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, “सुट्टीचं काय झालं गं?”

“बघू म्हणालेत.”

“त्या मशीनला एक दिवस एकटं राहता येत नाही? तान्हं आहे का ते?”

“तसंच समजा.”

अण्णा ताटातली भाजी चाचपडत होते. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, आणि डावाही त्याच वाटेवर होता. “तू असलीस म्हणजे भीती वाटत नाही मला, एवढंच,” ते म्हणाले. तिने वाटी त्यांच्या हाताशी सरकवली.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, मशीन अडलं आणि तिच्या कानात खोकला आला. पहिल्याच ढासेला तिने ओळखला. लहानपणापासून जिन्यात तोच खोकला ऐकून ती दार उघडायला धावत आली होती.

“हॅलो? मी ऑपरेशनचा पेशंट बोलतोय. डोळ्याच्या.”

तिने शेजारी पाहिलं. चष्मेवाली दुसऱ्या फोनवर होती. साहेब नेमके पाठीमागे येऊन उभे होते, त्यांच्या आफ्टरशेव्हचा वास येत होता. तिने टाइप केलं, ‘बोला, मी आपल्याला काय मदत करू?’

“बरोबर कुणी यायलाच लागतं का? एकटा आलो तर चालेल?”

‘घरचं माणूस बरोबर असणं आवश्यक आहे.’ नियमच होता तसा. महाराणीने तो मध लावून सांगितला.

पलीकडे अण्णा पुन्हा खोकले. “घरचं माणूस एकच आहे गं. मुलगी. तुझ्यासारखंच एक मशीन आहे, त्याच्यावर देखरेख करते ती. तिला सुट्टी देत नाहीत. माझ्यासमोर काही बोलत नाही, पण मला कळतं.” त्यांनी घसा साफ केला. “तुमची मशीन-मशीनची एकमेकींशी ओळख असते का? असेल तर माझं एवढं काम कर. तिच्या त्या मशीनला म्हणावं, एक दिवस एकटी सांभाळ. पोरीला सोड.”

तिची बोटं आपोआप चालली. समोर ‘अण्णा’ उमटलं. पाठवायचं बटण दाबलं, की ती परकी गोड बाई त्यांना अण्णा म्हणून हाक मारणार होती. दचकले असते ते. साहेब जरा खाली वाकले. तिने अक्षरं एकेक करून पुसली. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“हॅलो? गेलीस का?”

‘सांगते हं,’ तिने टाइप केलं.

“शहाणी आहेस. सांग. आणि तूही जरा बस गं बाई, सारखी बोलत असतेस.” फोन ठेवला गेला.

“बघा,” साहेब मागून म्हणाले, “हा ‘हं’ कसा बरोबर जागी पडला.”

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा अण्णा दारातच उभे होते. ऑपरेशनच्या दिवशी घालायचा सदरा त्यांनी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. बाहीवर दुहेरी घडी पडली होती, ती त्यांना दिसली नव्हती.

“तुझ्या सुट्टीचं काम करून टाकलं,” ते म्हणाले. “हॉस्पिटलच्या मशीनशी बोललो मी. तुमच्या मशीनला सांगते म्हणाली.”

“अण्णा, असं कुठे असतं का?”

“का नसतं? माणूस शब्द फिरवेल. मशीन कशाला फिरवेल?”

ती आत जाऊन पलंगावर बसली. अण्णा भिंतीला हात लावत मागोमाग आले.

“चांगली वाटली गं, अगदी घरच्यासारखी. पण शेवटी शेवटी थांबून थांबून बोलत होती. दमलेली असणार. संध्याकाळी बंद करतात ना तिला?”

“करतात.”

“मग ठीक आहे.” त्यांचा हात भिंतीवर बटण शोधत फिरला आणि सापडल्यावर थांबला. “तू पण पड जरा. मी भात लावतो.”

दिवा गेला. अंधारात तिला एकाएकी वाटलं, आता सांगता येईल, आता चेहरा दिसत नाही. काय होईल ते होवो.

“अण्णा,” ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात.

पण तिला झोप लागावी म्हणून त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं होतं, आणि स्वयंपाकघरात नळ सुरू झाला होता.