गोड्या पाण्याचा थेंब

मी सील बोलतेय, बर्फाखालची. जरा घाईतच बोलतेय. माझा श्वास मोजका असतो, आणि वर पिल्लू भुकेलं आहे.

माझा जन्म बर्फावरच्या हिमात कोरलेल्या खोलीत झाला. आई दूध पाजायची आणि लगेच खाली पळायची. मला तिचा भारी राग यायचा. आता मीही तेच करते. मेलं एका जागी बसवतच नाही!

बुडी मारताना नाकपुड्या घट्ट मिटायच्या. छातीची धडधड मंदावते. खाली मिट्ट काळोख, तिथे डोळ्यांपेक्षा मिशा कामाला येतात. मासा शेपूट हलवून गेला की पाण्यातली थरथर मिशांना कळते, मग मी त्याच्या मागे. यंदा मासे फार खोल गेलेत. चार धरेपर्यंत जीव कासावीस होतो, मग श्वासाच्या भोकाकडे धाव. अशी पाच भोकं मी हिवाळाभर नखांनी खरवडून उघडी ठेवलीत. नखं पार झिजली हो.

परवा वर आले, तर पहिल्या भोकावर धपधप पावलं. दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही तेच. सीलनं घाबरून शांत भोकाकडे जावं म्हणून माणसं मुद्दाम पाय आपटतात. हे मला ठाऊक आहे, पण छातीला कोण समजावणार? पिल्लाच्या खोलीचं भोक सगळ्यात लांब, तिथवर दम पुरला नसता. गेले चौथ्याकडे.

तिथे उलायुक म्हातारी भाला घेऊन उभी होती. शेजारी तिचा भाचा कुपाक, नुकताच बाप झालेला. बाळंतिणीला सीलचा रस्सा हवा होता.

यांची एक रीत आहे. खाऱ्या समुद्रात सील तहानलेली असते म्हणे, म्हणून मारल्यावर तिच्या तोंडात गोडं पाणी घालायचं. मग ती पुन्हा जन्मून यांच्याकडेच येते. त्यासाठी माणूस हिम आपल्या तोंडात वितळवतो. कुपाकनं उतावळेपणानं ते आधीच भरून ठेवलं होतं, गाल फुगवून.

म्हातारी कुजबुजली, "अरे, पाहुणी आली नाही आणि तू पाणी घेऊन उभा?"

कुपाकला हसू फुटलं आणि तोंडातलं पाणी सांडलं. मी नाक वर काढतच होते, तेवढ्यात त्यावर थेंब पडला आणि ओघळून जिभेवर आला. गोडा थेंब! माणूस अगदी डोक्यावरच आहे हे कळलं. अर्धा श्वास घेतला आणि गर्रकन फिरले. भाला मागच्या पायाला चाटून गेला.

"चुकलो गं आत्या," कुपाकचा रडवेला आवाज आला.

"राहू दे. तिची वेळ तीच ठरवते," म्हातारी म्हणाली.

डोळ्यांपुढे अंधारी आली होती, तरी पिल्लापाशी पोचले. त्याला दूध पाजताना मला तुझंही बाळ आठवलं, कुपाक. खोटं कशाला बोलू?

पण माझ्या लेकराला अजून मासा धरता येत नाही. त्याला जमू लागलं की मी येईन. तो थेंब अजून जिभेवर आहे. पाणी ठेव माझ्यासाठी. फक्त तोंडात धरून उभा राहू नकोस रे, मला अजून वेळ आहे.